पोलीस भरती: ग्राउंडला 25 पडले, म्हणजे झालं का?

आज महाराष्ट्र पोलीस शिपाई भरती. बारावी पास हवं, उंची मुलांना 165 सेंटिमीटर, मुलींना 155, हे तुम्हाला पाठच असेल. गोंधळ होतो तो पुढे.

ग्राउंड 50 मार्कांचं. धावणं मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, त्याला 20 मार्क. 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. किमान निम्मे मार्क हवेत, असा नियम आहे. मग पोरं म्हणतात, ‘25 पडले, झालं!’ अरे, झालं नाही. लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात, आपापल्या प्रवर्गात, ग्राउंडच्या मार्कांनुसार. गर्दी असेल तिथे 25 वाल्याचा नंबर कुठला लागणार? शिवाय हेच मार्क शेवटी लेखीच्या 100 मध्ये मिळवतात.

माझं ऐकाल तर गोळा आजच हातात घ्या. पळतात सगळेच; मुलांचा 7.260 किलोचा गोळा मात्र नुसत्या ताकदीने जात नाही. आणि ग्राउंड झाल्यावर पुस्तक उघडू म्हणाल, तर अंकगणित अन् मराठी व्याकरण तेवढ्यात होत नाही.

हो, शिपाईपदासाठी अर्ज एकाच जिल्ह्यात करता येतो. आधी तिथल्या तुमच्या प्रवर्गाच्या जागा बघा, मग फॉर्म भरा.