‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. दिवाळीला फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया, वर्षभर भाजणी, मेतकूट, चटण्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी उतरवून घेण्यातच दोघींचा दिवस जायचा. म्हणून गटातल्या एकीच्या लेकीने (ती पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे) आम्हाला एक एआय एजंट करून दिला. गिऱ्हाईक साध्या मराठीत लिहितं, एजंट वाचतो, भाव सांगतो, ऑर्डर चढवतो.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी विचारलं, ‘दहा किलो चकली परवापर्यंत होईल का?’ एजंटने सरळ ऑर्डर नोंदवली. आमच्या काकूंनी रात्र जागून चकल्या पाडल्या. बाई म्हणाल्या, ‘अहो, मी नुसतं विचारलं होतं!’ दहा किलोचं तेल, भाजणी, गॅस, आणि काकूंची कंबर. गटात कुरबुर सुरू झाली, ‘बंद करा ते यंत्र.’

लेक म्हणाली, मोठं मॉडेल घेऊ. मी म्हटलं, आधी त्याला काय सांगून ठेवलंयस ते दाखव.

तेव्हा कळलं ते असं. एजंटला स्वतःचे हात नसतात, तो फक्त मजकूर वाचतो आणि लिहितो. हात म्हणून त्याला ‘टूल्स’ देतात. २०२३च्या जूनमध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेल्सना ही सोय दिली. २०२४च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, म्हणजे टूल्स जोडायची एक सामायिक पद्धत. प्रत्येक टूलला एक नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचे रकाने. टूलच्या आतला प्रोग्रॅम एजंटला सहसा दिसत नाही. वर्णन वाचूनच तो ठरवतो, आत्ता कुठलं उचलू.

आमच्याकडे एका टूलचं वर्णन होतं ‘फराळाच्या ऑर्डरसंबंधी’ आणि दुसऱ्याचं ‘फराळाची माहिती’. आता सांगा, आज सकाळी कामाला लागलेल्या मुलीला यावरून काय बोध होणार? लेकीने प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला, त्यामुळे तिला सगळं उघड वाटत होतं. मी निराधार बायकांचे अर्ज भरून देते, तिथेही हेच. रकान्यापुढे नुसतं ‘उत्पन्न’. महिन्याचं की वर्षाचं? तिचं की घराचं? ज्याने अर्ज छापला त्याला ठाऊक असतं.

मग लिहायचं काम माझ्याकडेच आलं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं! लिहिलं ते असं: ‘ऑर्डर नोंदवणे. गिऱ्हाईकाने “हो, पाठवा” असं स्पष्ट म्हटल्यावरच वापरावं. नुसती चौकशी असेल तर हे वापरू नये, “शिल्लक आणि भाव पाहणे” वापरावं. वजन किलोत, आकड्यात: पावशेर ०.२५, सव्वा १.२५, अडीच २.५. नोंद होताच बायका कामाला लागतात, माल परत घेता येत नाही.’

शेवटचं वाक्य यंत्राला कशाला, असं लेकीने विचारलं. मी हटून बसले. कामाची किंमत कळली तरच सांभाळून करावंसं वाटतं ना? यंत्राला ‘वाटतं’ की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यानंतर तो शंका आली की आधी विचारू लागला.

‘परवा’ने मात्र दमवलं. आपल्याकडे ‘परवा सांगितलेल्या चकल्या’ही परवाच्याच आणि ‘परवा हव्यात’ त्याही परवाच्याच. शिवाय आज कुठली तारीख आहे हे एजंटला सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आजची तारीख देणारं वेगळं टूल केलं आणि ऑर्डरच्या वर्णनात घातलं, की दिवस आणि तारीख गिऱ्हाईकाला लिहून दाखवावी, मगच नोंदवावी. रकान्याचं नावही ‘तारीख’ नाही, ‘माल पोचवायची तारीख’.

चूक झाली तर टूल आधी नुसतं ‘नोंद झाली नाही’ म्हणायचं. आता म्हणतं, ‘वजन किलोत द्या. दोन डबे म्हणजे एक किलो.’ एजंट ते वाचून स्वतःच सुधारतो.

एकीला अनारशाला जाळी कशी पडते तेही वर्णनात घालायचं होतं. तसं नको. सगळी वर्णनं एजंटपुढे दर वेळी वाढली जातात, फाफटपसाऱ्यात कामाचं बुडतं. आम्ही जुन्या फोनमधले तीस निरोप काढून त्याला घातले, कुठलं टूल उचलतो ते पाहिलं, आणि एका वेळी एकच वाक्य बदललं. आणि नुसत्या शब्दांवर विसंबलो नाही. पाच किलोच्या वरची ऑर्डर आमच्यापैकी एकीने ‘हो’ म्हटल्याशिवाय चढतच नाही, ते कुलूप प्रोग्रॅममध्येच आहे.

सध्या भांडण चाललंय ते ‘तिखट बेताचं’ यावर. लेक म्हणते एक ते तीन आकडे ठेवा. काकू म्हणतात, बेताचं म्हणजे बेताचं, गिऱ्हाईकाचा शब्द जसाच्या तसा पुढे धाड, मी बघते.