आईसह चिखलदरा

अचलपुरात उभे आयुष्य काढूनही माझ्या शहात्तर वर्षांच्या आईने चिखलदरा पाहिले नव्हते. सातपुड्याची निळी रेघ तिला गच्चीवरून रोज दिसे. परंतु संसार, शेती आणि पुढे गुडघेदुखी यांनी ती रेघ दूरच ठेवली. "मले आता डोंगर झेपत नाई, तुमीच जाऊन या," हे तिचे ठरलेले उत्तर.

तिच्या डॉक्टरांनी मात्र अनुमती दिली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा त्रास सामान्यतः २५०० मीटरच्या पुढे संभवतो. भूतानमधील पारोचे खोरेच साधारण २२०० मीटरवर आहे आणि तेथील खिंडी त्याहूनही उंच. तेथे जाणाऱ्या ज्येष्ठांना चढ टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो. आपल्या पठारावर काळजी करायची ती घाटातील वळणांची, थंडीची आणि औषधांच्या वेळांची.

परतवाडा सोडल्यावर घाट लागतो. आईला पुढच्या आसनावर बसविले, न्याहारी हलकी दिली, काच थोडी खाली ठेवली. मळमळ झाली नाही. परंतु मुक्कामी पोहोचलो तेव्हा तिच्या पावलांवर सूज होती आणि चार पावले चालताच धाप लागत होती. बराच वेळ खोदून विचारल्यावर कळले, की वाटेत लघवीला कोठे जायचे या संकोचाने तिने लघवी वाढविणारी गोळी दोन दिवस घेतलीच नव्हती. पाणीही घोट-घोटच प्यायली होती. डॉक्टरांना लगेच दूरध्वनी केला व त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागलो. धाप बसल्या जागीही कायम राहिली असती, तर त्याच रात्री खाली उतरायचे ठरविले होते. वृद्धांना प्रवासास नेणाऱ्यांनी गोळ्यांची डबी स्वतः मोजावी आणि स्वच्छतागृहाचे थांबे निघण्यापूर्वीच ठरवून आईवडिलांना सांगावेत. हा प्रश्न ते आपणहून काढीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला बरे वाटले. पंचबोलला हाक दिली की ती दऱ्यांतून परतते. तेथे आईने नातवाचे नाव घेतले. भीमकुंडाची दरी कठड्यापासूनच पाहिली. कीचकाला मारून भीमाने येथे हात धुतले, अशी आख्यायिका आहे. 'कीचकदरा' वरून चिखलदरा झाले, असे म्हणतात. येथे कॉफीही पिकते, हे तिला कीचकापेक्षा नवलाचे वाटले.

गाविलगडाची वाट ओबडधोबड आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आत शिरण्याचा हट्ट धरू नये. आम्हीही दुरूनच पाहिला. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये बांधलेला हा गड पुढे इमादशाहीकडे आला. १४९० ते १५७४ या काळातील त्या लहानशा राज्याची राजधानी अचलपूर होती. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकला. "म्हंजे आपलं गाव राजधानी होतं?" आईने दोनदा विचारले.

परतताना घाटातील एका रुंद, सुरक्षित जागी गाडी थांबविली. शाल गुंडाळून ती खालच्या धूसर मैदानाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आपलं घर कोन्या अंगाले आहे रे?"