पाठीवरच्या स्टोव्हचा हिशेब

हिमालयातील लांब पल्ल्याच्या ट्रेकचा बेत ठरला की मुंबई-पुण्याच्या घरांतून याद्या सुरू होतात. पीठ-तांदूळ किती, सुका मेवा किती, कोणाच्या पाठीवर तंबू, कोणाकडे दोर. या यादीत इंधन बहुधा तळाशी असते, ‘गॅस : मनालीत घेणे’ एवढ्या एका ओळीत. वास्तविक बेताची सुरुवात याच ओळीपासून व्हायला हवी. शिधा घरून नेता येतो, औषधे घरून नेता येतात. इंधन मात्र घरून नेताच येत नाही. ते कोठे मिळणार, किती लागणार आणि पहिला साठा संपल्यावर दुसरा कोठे हाती येणार, यावरच मार्गाचे टप्पे ठरतात.

घरून का नेता येत नाही, हे आधी पाहू. विमानात गॅसचा डबा किंवा रॉकेल-पेट्रोलची बाटली ना हातातल्या पिशवीत चालते, ना तळाच्या सामानात. रेल्वेतही ज्वलनशील पदार्थ बाळगण्यास १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार बंदी असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ‘एवढासा डबा, कोण बघतो’ म्हणणाऱ्यांनी २६ ऑगस्ट २०२३ची मदुराईची घटना आठवावी. यात्रेकरूंनी लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला पहाटे आग लागली आणि नऊ जणांचा बळी गेला.

उदाहरणादाखल एक खराखुरा मार्ग घेऊ. कुलूच्या पार्वती खोऱ्यातील बरशैणीपासून निघायचे, खीरगंगा, मांतलाई करत ५,३१९ मीटर उंचीची पिन-पार्वती खिंड ओलांडायची आणि स्पितीतील मुद गावी उतरायचे. तेथून गाडीने काझा. काझाहून किब्बर आणि मग सुमारे ५,६०० मीटरची परांग ला ओलांडून, पारे चू नदीच्या काठाने लडाखमधील त्सो मोरीरी सरोवरावरचे कोरझोक. पहिला टप्पा नऊ दिवसांचा, दुसरा आठ दिवसांचा. दोन्ही टप्प्यांत वाटेत दुकान सापडण्याची शक्यता शून्य. इंधन पुन्हा भरून घेण्याची जागा एकच, ती म्हणजे काझा.

आता किती लागेल? दिवस किंवा जेवणे मोजण्यापेक्षा उकळायचे पाणी मोजावे, हा हिशेब अधिक खरा उतरतो. एक लिटर पाणी ५ अंश सेल्सिअसवरून ८५ अंशांवर न्यायचे तर ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ८५ अंशच का, तर उंचीवर पाणी लवकर उकळते. ५,००० मीटरवर उत्कलनबिंदू ८३ अंशांच्या आसपास येतो. एक ग्रॅम गॅस सुमारे ११ किलोकॅलरी देतो, पण त्यातील निम्मीच भांड्यात पोहोचते असे धरावे. म्हणजे लिटरला साधारण १५ ग्रॅम गॅस. चहा, न्याहारी, सूप, रात्रीचे जेवण मिळून माणशी अडीच लिटर धरले तर चौघांना रोज दहा लिटर पाणी, म्हणजे १५० ग्रॅम. डाळ-भात शिजवायचा तर आणखी ५० ग्रॅम, तेही प्रेशर कुकर असेल तरच. ८३ अंशांच्या पाण्यात उघड्या पातेल्यातली तूरडाळ तासन्तास शिजत नाही. वारा आणि थंडी यांच्यासाठी वर पाव भाग. एकूण २५० ग्रॅम झाले. बाजारात मिळणाऱ्या २३० ग्रॅमच्या डब्यांच्या मापाने बोलायचे तर चौघांना रोज एक डबा.

पहिल्या टप्प्याच्या नऊ दिवसांत खराब हवामानाचे दोन दिवस मिळवा. ११ दिवसांना २,७५० ग्रॅम, म्हणजे १२ डबे. रिकामा डबादेखील दीडशे ग्रॅमच्या घरात असतो. त्यामुळे गॅस संपला तरी पावणेदोन किलो पत्रा पाठीवर उरतोच. हे राखीव दोन दिवस कापून वजन वाचवण्याचा मोह अनुभवी मंडळींनाही होतो. तो टाळावा. खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामावर वाहते पाणी गोठलेले असेल तर बर्फ वितळवावा लागतो, आणि शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायलाच ८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे जेवढ्या गॅसमध्ये चहाचे पाणी उकळले असते, तेवढ्यात ते फक्त पाणी झाले. अशा मुक्कामी दिवसाचा खर्च दुप्पट होतो. तेथे गॅस संपला तर जेवण चुकेल हे खरे, पण पिण्याचे पाणीही संपते. आणि उंचीवर पाणी कमी पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी खिंड चढू शकत नाही.

डब्यात कोणता वायू आहे, हेही पाहून घ्यावे. साधा ब्युटेन समुद्रसपाटीवर उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना वायुरूप होतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने या मर्यादा आणखी खाली सरकतात. तरीही पहाटेच्या थंडीत निव्वळ ब्युटेनचा डबा मरगळतो. आयसोब्युटेन-प्रोपेनचे मिश्रण असलेला, आट्यांच्या तोंडाचा डबा घ्यावा आणि रात्री तो झोपण्याच्या पिशवीत जवळ ठेवावा. दुकानात ‘रिफिल’ म्हणून हातात ठेवले जाणारे, घरगुती सिलिंडरमधून भरलेले डबे मात्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. हे डबे पुन्हा भरण्यासाठी बनवलेले नसतात.

खरेदी मनालीत. येथे एक गोम आहे. बरशैणीला जाणारा रस्ता भुंतरला फुटतो आणि मनाली त्याच्या पन्नासेक किलोमीटर पुढे आहे. म्हणजे इंधनासाठी एक जादा दिवस आराखड्यात धरावाच लागतो. त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याचीही सोय करावी. आठ दिवस आणि राखीव दोन, म्हणजे आणखी अडीच किलो. काझात डबे मिळाले तर उत्तम, पण त्यावर भरवसा ठेवू नये. टपालाने पाठवणे शक्य नाही, ज्वलनशील वस्तूंना तेथेही मनाई आहे. कुंझुम खिंडीवरून काझाला जाणाऱ्या वाहनातून, चालकाला आत काय आहे ते स्पष्ट सांगून, ओळखीच्या अतिथिगृहात डबे पोहोचते करणे हाच मार्ग उरतो. कुंझुमचा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो आणि पावसाळ्यात दरडींनी अधूनमधून बंद पडतो, हे लक्षात घेऊन डबे आपल्याआधी आठवडाभर तरी निघालेले बरे.

दुसरा पर्याय द्रवरूप इंधनाचा. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गिर्यारोहणाच्या जुन्या पुस्तकांत ‘शेवटच्या गावात रॉकेल मिळेल’ असे बिनधास्त लिहिलेले असे. तो काळ सरला. दिल्ली २०१४ मध्ये रॉकेलमुक्त जाहीर झाली, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, खेड्यांत गॅस पोहोचला आणि अनेक राज्यांतून रेशनचे रॉकेल हद्दपार झाले. गृहिणींचे डोळे धुरापासून वाचले, हे चांगलेच झाले; ट्रेकरच्या यादीतली एक ओळ मात्र खोटी ठरली. काझाला पेट्रोल पंप आहे. पेट्रोलवर चालणारा बहुइंधनी स्टोव्ह असेल तर दुसऱ्या टप्प्याचे अडीच किलो इंधन, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पेट्रोल, तेथेच भरता येते. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या खास बाटल्याच हव्यात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. पंपावर बाटलीत पेट्रोल देतात का, हेही आधी विचारून ठेवावे. पेट्रोलने जेट काजळून तुंबतो, वास येतो, पेटवताना भडका उडतो. तरीही पाच हजार मीटरपलीकडच्या थंडीत चौघांच्या गटाला, मला वाटते, हाच स्टोव्ह अधिक विश्वासाचा.

परदेशात ही रसद किती सोपी असते याचा नमुना म्हणजे अमेरिकेतील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटरची ही वाट. तेथे टपाल खाते ठरावीक खूण चिकटवलेले गॅसचे डबे केवळ रस्त्याच्या मार्गाने पोहोचवते आणि वाटेवरच्या अनेक गावांत मागच्या पदयात्रींनी सोडलेले अर्धे डबे एका खोक्यात ठेवलेले सापडतात. उलट, वणव्याच्या भीतीने कोरड्या मोसमात बंद करण्याची चावी नसलेले स्पिरिटचे स्टोव्ह तेथे निषिद्ध ठरतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हिशेबातून हमखास गळते, ती म्हणजे सोबतच्या माणसांचे जेवण. चार ट्रेकर, एक वाटाड्या, चार हमाल म्हणजे नऊ पोटे. वरचा सगळा हिशेब दुपटीहून पुढे जातो. एवढ्या गटाला लहान डबे परवडत नाहीत. ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा लहान सिलिंडर घोड्यावर किंवा हमालामागे न्यावा लागतो. हमालांचे इंधन आपण धरले नाही तर ते उपाशी बसत नाहीत. खाली ते भूर्ज आणि जुनिपर तोडतात, वर लडाखच्या बाजूला बुर्त्सेची झुडपे मुळांसकट उपटतात. त्या कोरड्या, थंड जमिनीत ती परत वाढायला वर्षानुवर्षे लागतात. त्सो मोरीरीच्या परिसरातले चांगपा पशुपालक शेणाच्या गोवऱ्या आणि हीच झुडपे हिवाळ्यासाठी साठवतात. नेपाळमध्ये अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, तेव्हा अभयारण्याच्या वाटेवर लाकूड जाळण्यास बंदी आली आणि ट्रेकर व त्यांच्या हमालांसाठी छोमरोंगला रॉकेलचे कोठार उघडले गेले. बंदीबरोबर पर्यायही दिला, म्हणून ती चालली.

वाटेत रोजचा खर्च मोजत राहावे. लहान काटा असेल तर रोज रात्री डबा तोलून वहीत आकडा लिहावा. काटा नसेल तर भरलेला आणि रिकामा डबा पाण्यात किती बुडतो त्या खुणा आधीच करून ठेवाव्यात. तिसऱ्या दिवशी खर्च अंदाजापेक्षा जास्त दिसला तर झाकण वापरणे, वाऱ्याचा आडोसा करणे, डाळ दुपारीच भिजत घालणे असे उपाय हाताशी असतात. सातव्या दिवशी ते नसतात. मात्र थंडीला भिऊन बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जाग येत नाही.

कोरझोकला पोहोचल्यावर उरलेल्या डब्यांचा प्रश्न येतोच. रिकामे डबे लेहपर्यंत गाडीतून न्यावेत, सरोवराकाठी पुरू नयेत. अर्धे भरलेले डबे लेहमध्ये निघण्याच्या तयारीतील दुसऱ्या गटाला द्यावेत. विमानतळावर ते काढून घेतले जाणारच. पेट्रोलचा स्टोव्ह आणि बाटल्या मात्र साबणाने धुऊन, दोन दिवस उन्हात उघड्या ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच सामानात भराव्यात आणि विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी. त्यामुळे लेहमधला मुक्काम दोन दिवसांचा धरलेला बरा.