यादीत कोण, यादीबाहेर कोण

‘हप्ता पडला का?’ एवढे विचारून झाले की पारावरचा पुढचा विषय ठरलेला: कुणाकुणाला पडला? मग कोणीतरी ठासून सांगतो, ती यादी तलाठ्याच्या कपाटात असते, आपल्याला कोण दाखवणार! कपाट वगैरे काही नाही. पीएम-किसानची लाभार्थी यादी योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय उघडी आहे. स्वतःचा हप्ता तपासायला ओटीपी लागतो, गावची यादी पाहायला लागत नाही. यात उपकारही नाहीत. अनुदान कसे वाटले, किती दिले, कोणाला दिले, हे कोणी न मागता जाहीर करावे, असे माहिती अधिकार कायद्याचे (2005) कलम 4 सांगते. आधार आणि खाते क्रमांक ही वेगळी गोष्ट. ते चव्हाट्यावर येता कामा नयेत.

मात्र यादीत नाव म्हणजे खात्यात पैसे, असे नव्हे. ई-केवायसी राहिली किंवा बँक खात्याला आधार जोडलेले नसले, तरी हप्ता अडकतो.

दुसरा पक्का समज असा, की जो राबतो त्याला पैसे. पैसे मिळतात ते 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्याच्या नावावर जमीन होती त्या कुटुंबाला. खंडाने किंवा वाट्याने कसणारा, मग तो वीस वर्षे त्याच बांधावर घाम गाळत असो, यादीत नाही. उलट ‘दोन हेक्टरच्या आतल्यांनाच’ ही अट 2019 मध्येच गेली, तरी लोक अजून तीच सांगतात. आज गाळणी जमिनीच्या आकाराची नसून माणसाची आहे: प्राप्तिकर भरणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील, आजी-माजी आमदार-खासदार बाद.

ही गाळणी किती भोकाची होती, ते 2021 च्या सुरुवातीला माहिती अधिकारातूनच कळले. 20.48 लाख अपात्रांना 1,364 कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकरदाते, आणि सुमारे 14 टक्के आपल्या महाराष्ट्रातले. कर भरणाऱ्यांची नोंद सरकारच्याच दुसऱ्या खात्यात होती, हे विसरून सगळे खापर गावावर फोडणे सोपे असते.

सर्वांत मोठा गैरसमज वेगळाच आहे. ही यादी वाचली की शेतीचे अनुदान कुठे गेले ते कळते, असे वाटते. 2024-25 च्या अर्थसंकल्पात पीएम-किसानला 60,000 कोटी होते, खतांच्या अनुदानाला सुमारे 1.64 लाख कोटी. दुकानात आपण पॉस मशीनवर अंगठा लावतो, युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपयांच्या आसपास घरी नेतो, आणि अनुदानाची रक्कम जाते ती खत कंपनीला. आपल्या हाती येते ती स्वस्त गोणी. त्यामुळे या पैशाची गावनिहाय यादी पारावर कोणी वाचत नाही.

युरोपीय संघातही शेतीच्या अनुदानाचे लाभार्थी जाहीर होतात. 2010 मध्ये तिथल्या न्यायालयाने सरसकट व्यक्तींची नावे छापणे रद्द केले. पुढे नियम आला तो असा: वर्षाला 1,250 युरोपर्यंत, म्हणजे लाखावर रुपयांपर्यंत, मदत घेणाऱ्याचे नाव झाकायचे, त्यावरच्यांची नावे रकमेसह छापायची. आपल्याकडे पीएम-किसानचा वर्षाला सहा हजारवाला यादीत आधी सापडतो.