लोक सिंगापूरला का जातात, आणि भोरला येऊन संध्याकाळी परत का जातात?

दहावीच्या भूगोलात पर्यटनाचा धडा आहे. तो शिकवताना मी मुलांना दरवर्षी विचारते, "फुकट तिकीट मिळालं तर कुठे जाल?" दुबई आणि सिंगापूर ही नावं सगळ्यात आधी येतात. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीने उलटा सवाल केला, "मॅडम, तिथे असं आहे तरी काय? किल्ले, धरणं, घाट तर आपल्याकडे आहेत." सवाल रास्त होता. त्याचं उत्तर घरच्यांनीही वाचावं म्हणून इथे लिहिते.

सिंगापूरकडे निसर्गाने दिलेलं फार थोडं आहे. सगळा देश मिळून सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडा मोठा. उंच डोंगर नाहीत, पिण्याचं काही पाणीसुद्धा शेजारच्या मलेशियाकडून विकत घ्यावं लागतं. १९६५ साली हा देश वेगळा झाला. तरीही २०१९ मध्ये तिथे १ कोटी ९१ लाख पाहुणे आले, तिथल्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त.

मग लोक का जातात?

पहिलं कारण, बघण्यासारखं नव्हतं तिथे त्यांनी ते घडवलं. समुद्रात भराव टाकून जमीन केली आणि त्यावर २०१२ साली 'गार्डन्स बाय द बे' ही मोठी बाग उघडली.

दुसरं, ये-जा सोपी. चांगी विमानतळ १९८१ पासून, मेट्रो १९८७ पासून. नवखा माणूसही पाट्या वाचत बरोबर पोहोचतो.

तिसरं, नव्याच्या नादात सगळं जुनं पाडलं नाही. काम्पोंग ग्लाम या जुन्या मोहल्ल्यात १९३२ साली बांधून झालेली सुलतान मशीद आजही उभी आहे. चायनाटाऊन आणि लिटल इंडिया या वस्त्याही आहेत. उंच टॉवर पाहायला आलेला माणूस या गल्ल्यांतही फिरतो.

चौथं कारण आपल्या घरांना लगेच पटेल. परक्या मुलुखात आपला पहिला प्रश्न असतो, खायचं काय? तिथे 'मुइस' ही सरकारी इस्लामी संस्था १९७८ पासून हलाल प्रमाणपत्र देते. दुकानावर ती खूण दिसली की कुटुंब बिनधास्त जेवायला बसतं, कुणाला विचारत बसावं लागत नाही. त्यातच स्वच्छ रस्ते आणि रात्री मुलंबाळं घेऊन फिरता येईल अशी सुरक्षितता. थोडक्यात काय, बघायची वस्तू माणसाला खेचून आणते, पण त्याला थांबवतो तो भरवसा.

आता आपल्याकडे बघू. राजगड ही शिवाजी महाराजांची सुमारे २५ वर्षं राजधानी होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा आहे. शिवाय रायरेश्वर, भोरचा राजवाडा, इंग्रजांच्या काळातलं भाटघर धरण, वरंधा घाट. सिंगापूरला जे पैसे ओतून उभं करावं लागलं, त्याहून जास्त आपल्याला आयतं मिळालं आहे.

पण रविवारी सकाळी आलेली पुण्याची गाडी संध्याकाळी परत जाते. बरेच जण डबाही घरूनच आणतात. आपल्याकडे काय राहतं? प्लास्टिकच्या बाटल्या. बायकांसाठी स्वच्छ संडास शोधावा लागतो, खोलीचा दर विचारल्याशिवाय कळत नाही. धरणाच्या किंवा धबधब्याच्या पाण्यात कुठे उतरू नये हे गावातल्या पोरासोराला माहीत असतं, पाहुण्याला नसतं. आणि माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं कामासाठी शिरवळच्या कंपन्यांत नाहीतर पुण्याला जातात.

सिंगापूरची बरोबरी करा असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याकडे मोठं बंदर आहे, पैसा आहे. राजगडावर सिमेंटचं जंगल तर नकोच, लोक तो जसा आहे तसाच बघायला येतात. रस्ते, पाणी, संडास हे सरकारचं काम आहे आणि ते मागत राहायला हवं. पण भरवसा देणं आपल्याही हातात आहे. दोन स्वच्छ खोल्या, इंद्रायणीचा भात, गरम भाकरी आणि दाराबाहेर लिहिलेला ठरलेला दर, एवढ्यावर एखादं घर सुरुवात करू शकतं. बाहेरून आलेल्या मुस्लीम कुटुंबाला हलाल जेवण आणि नमाजची जागा कुठे आहे हे सांगणारी साधी पाटी पुरे. तसंच शाकाहारी पाहुण्यासाठी आपण भांडी वेगळी ठेवतो, हे त्यालाही न विचारता दिसलं पाहिजे. सिंगापुरात हलालची खूण आपल्याला जो दिलासा देते, तोच त्याला आपल्या दारात मिळायला हवा. मेहमानाची खातिर आपल्या घरांना काही नवीन नाही.

त्या मुलीला आणि सगळ्या वर्गालाच मी एक गृहपाठ दिला आहे. एखाद्या रविवारी आई-अब्बांसोबत राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याला जायचं आणि पाच पाहुण्यांना दोनच प्रश्न विचारायचे: काय आवडलं? कुठे अडचण आली? पालकांनी मुलांना घेऊन जरूर जावं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मात्र नीट लिहून घ्या. आपल्या मुलांना गावातच काय काम करता येईल, ते त्यातच सापडेल.