कोअर आठ, राबतोय एकच!

शॉर्टफिल्म सबमिशनची शेवटची रात्र. एडिट लॉक झालंय, एक्सपोर्टचं बटण दाबलंय आणि स्क्रीन सांगतेय, अजून तीन तास. अशा वेळी ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, "भाऊ, लॅपटॉप म्हातारा झाला तुझा. नवा घे." घरी पन्नास-साठ हजारांचा विषय काढण्याआधी एक गोष्ट तपासा. आहे तो लॅपटॉप तरी पूर्ण कामाला लागलाय का?

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. तिथे लॉजिकल प्रोसेसर आठ असतील आणि एकूण आकडा १२-१३ टक्क्यांवर अडकला असेल, तर आठांपैकी साधारण एकाइतकंच काम चाललंय. बाकीचे सात बसून आहेत. अपवाद एकच. एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डवर टाकलं असेल, तर सीपीयू निवांत दिसणारच.

पंगतीचं गणित

मग काम सगळ्यांत का वाटलं जात नाही? कारण व्हिडिओमधली बहुतेक फ्रेम स्वतंत्र साठवलीच जात नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच लिहिलं जातं. म्हणजे एकीचं काम दुसरीवर अवलंबून.

लग्नाची पंगत आठवा. पुढे भात वाढणारा, त्याच्या मागे वरणवाला, त्याच्या मागे तूप. तिघंही एकाच वेळी राबतात, पण तूपवाला भातवाल्याच्या पुढे पळू शकत नाही. एन्कोडर असंच करतो. एक्स२६५ फ्रेमचे ६४ पिक्सेल उंचीचे पट्टे पाडतो. वरचा पट्टा थोडा पुढे सरकला की खालच्याचं काम सुरू. १०८० पिक्सेल उंचीच्या व्हिडिओत असे १७ पट्टे होतात, ४८० च्या व्हिडिओत फक्त आठ. म्हणून लहान व्हिडिओवर जास्त कोअरचा फायदा लवकर संपतो. पंगतच आखूड, वाढपी जास्त!

त्यात काही काम वाटताच येत नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता. समजा, काम १०० मिनिटांचं आहे आणि त्यातली १० मिनिटं एकट्यानेच करायची आहेत. आठ कोअर लावले तरी १० अधिक ९० भागिले आठ, म्हणजे २१ मिनिटांहून थोडं जास्तच लागणार. हजार कोअर लावा, दहा मिनिटांच्या खाली येणार नाही.

आपल्याच शहराचा धागा

काम वाटून घेण्याच्या या विद्येशी नागपूरचं जवळचं नातं आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर इथल्याच व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, इंजिनीअर झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. अमेरिकेच्या महागड्या क्रे महासंगणकाची वाट बंद होती. तेव्हा या टीमने ट्रान्सप्युटर नावाच्या ६४ छोट्या प्रोसेसरना एकत्र जुंपलं. एका राक्षसाऐवजी अनेक साधे गडी, आणि काम वाटण्याची अक्कल. तुमच्या लॅपटॉपलाही तीच अक्कल लागते.

हे करून पाहा

• एच.२६४ साठी एक्स२६४ वापरत असाल, तर थ्रेडच्या सेटिंगला हात लावू नका. लॉजिकल प्रोसेसरच्या दीडपट थ्रेड तो स्वतःच उघडतो.

• एफएफएमपेगमधून व्हीपी९ करताना 'रो-एमटी' हा पर्याय मुद्दाम सुरू करा. तो आपोआप सुरू नसतो.

• नॉइज काढणारे काही फिल्टर एकाच कोअरवर चालतात आणि अख्खा एन्कोडर त्यांची वाट बघत बसतो. फिल्टर बंद करून ३० सेकंदांचा तुकडा काढा, फरक मोजा. मग ठरवा.

• फाइल अनेक असतील, तर दोन एकदम लावा. नव्या हँडब्रेकमध्ये ती सोय आहे. एकीने सोडलेले कोअर दुसरी वापरते. पण रॅम ८ जीबीच असेल, तर लोभ नको. रॅम भरली की दोन्ही रखडतील.

• एकच लांब फाइल असेल, तर तिचे तुकडे करून एन्कोड करा, नंतर जोडा. नेटफ्लिक्सही चित्रपटाचे तुकडे वेगवेगळ्या मशीनवर एन्कोड करतं. सगळ्या तुकड्यांचं सेटिंग मात्र एकच ठेवा.

मे महिन्याचा इलाज

सगळे कोअर राबायला लागले की लॅपटॉप तापतो. फार तापला की जीव वाचवायला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. बाहेर ४५ अंश असताना गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपकडून काय अपेक्षा करणार? टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन पुस्तकांनी उचला, खालची जाळी मोकळी ठेवा. चार्जर लावलेलाच राहू द्या. बॅटरीवर बरेच लॅपटॉप हात आखडता घेतात. आणि शक्यतो पहाटे लावा. कूलरसमोर मात्र नको, ओली हवा यंत्राला मानवत नाही.

एवढं करून पुन्हा टास्क मॅनेजर उघडा. आकडा नव्वदच्या पुढे असेल आणि तरीही वेळ पुरत नसेल, तर लॅपटॉपने आपलं काम चोख केलंय. मग घरी विषय काढा. "सगळ्यांकडे नवा आहे" असं म्हणण्यापेक्षा हा आकडा दाखवा. बाबांना तो लवकर पटेल.