मावळ तालुक्यातील मद्यपी वाहनचालकांवरील कारवाई व तिचा निधी

मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यांवरील कारवाई हा महाराष्ट्रात पोलिसांच्या नियमित कामाचा भाग आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कामशेत ते लोणावळा या पट्ट्यात सुट्ट्या, पावसाळी पर्यटन व वर्षअखेरीच्या काळात या कारवाईला विशेष महत्त्व येते. तिचा खर्च एकाच अनुदानातून भागत नाही. राज्याचा अर्थसंकल्प, जिल्हा नियोजन समिती, रस्त्याची देखभाल करणारे महामंडळ आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी अशा वेगवेगळ्या मार्गांनी साधने उपलब्ध होतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

जुना मुंबई–पुणे महामार्ग कामशेत गावातून जातो. जवळून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कामशेत नावाचे दोन बोगदे आहेत. पवना धरणाच्या जलाशयाकाठी मुक्कामास जाणारे अनेक पर्यटक कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागतात, तर लोणावळ्यात भुशी धरण व घाटमाथ्यावर पावसाळ्यात गर्दी होते. त्यामुळे स्थानिक दुचाकीस्वार, पादचारी, मालवाहू वाहने व परतणारे पर्यटक यांची वाहतूक एकाच अरुंद पट्ट्यात एकवटते. कामशेत व लोणावळा ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलात मोडतात. महामार्गांवरील वाहतुकीसाठी महामार्ग पोलिसांची स्वतंत्र यंत्रणा आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील गुन्ह्यासाठी हेच प्रमाण दोन वर्षांपर्यंत कारावास व १५,००० रुपये दंड असे आहे. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही. प्रकरण न्यायालयात जाते.

कलम २०३ पोलिसांना श्वासचाचणी घेण्याचा, तर कलम २०२ विनावॉरंट अटक करण्याचा अधिकार देते. मात्र अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी न झाल्यास अटक केलेल्या व्यक्तीस सोडून द्यावे लागते. ग्रामीण भागात ही तरतूद निर्णायक ठरते. श्वासविश्लेषक यंत्राबरोबरच आरोपीला रुग्णालयात नेण्यासाठी वाहन, सोबत जाणारे कर्मचारी आणि त्या काळात नाकाबंदीवर थांबणारे अन्य कर्मचारी आवश्यक असतात. यांपैकी एकही दुवा तुटला तर कारवाई न्यायालयात टिकणे अवघड होते.

निधीचे स्रोत

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने वेतन व दैनंदिन खर्च राज्य शासन करते. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना आहे. जिल्हा पातळीवर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांसाठी वाहने व सीसीटीव्ही कॅमेरे यांसारखी साधने घेतली जातात. दंडाची रक्कम दंड करणाऱ्या पोलीस ठाण्याकडे राहत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. त्यामुळे अधिक दंड आकारल्याने त्या ठाण्याचा निधी आपोआप वाढत नाही. कारवाईचा हेतू महसूलवाढ ठरू नये, या दृष्टीने हे विभाजन महत्त्वाचे आहे.

द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये शून्य मृत्यू मार्गिका हा उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा अँड महिंद्रा सहभागी झाले. त्या वर्षी या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. २०२० पर्यंत वार्षिक मृत्यूंची संख्या निम्म्याहून कमी झाली, तथापि त्या वर्षी टाळेबंदीमुळे वाहतूकही घटली होती. रस्त्यातील दोष दूर करणे, पोलिसांची कारवाई व अपघातग्रस्तांना तातडीची मदत या तिन्ही बाबी या उपक्रमात एकत्र असल्याने घट केवळ मद्यपी चालकांवरील कारवाईमुळे झाली असे म्हणता येत नाही.

अन्य पद्धतींशी तुलना

अमेरिकेत १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानुसार केंद्र सरकार राज्यांना अनुदान देते आणि त्यातील किमान ४० टक्के खर्च स्थानिक संस्थांसाठी व्हावा लागतो. शहर पोलीस राज्याकडे अर्ज करून विशेष नाकाबंदीसाठी लागणारा अतिरिक्त कामाचा मोबदला, उपकरणे व प्रशिक्षण यांचा खर्च मिळवू शकतात. या पद्धतीत अपघातांची आकडेवारी व उद्दिष्टे सादर करावी लागत असल्याने निधीचा परिणाम तपासता येतो.

महाराष्ट्रात मुंबई शहर २०१५ पासून ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या जागतिक रस्ता सुरक्षा उपक्रमात सहभागी झाले. अशा उपक्रमांचा भर तांत्रिक साहाय्य व प्रशिक्षणावर असतो.

मर्यादा

यंत्रे व वाहने एकदाच खरेदी करता येतात, पण यंत्रांचे अंशशोधन, दुरुस्ती आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ हा दरवर्षीचा खर्च आहे. साधनांसाठी मिळालेला निधी हा आवर्ती खर्च भागवीत नाही. नाकाबंदी केवळ ३१ डिसेंबरसारख्या ठरावीक रात्रींपुरती राहिल्यास पकडले जाण्याची शक्यता वर्षभर जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटना अनपेक्षित वेळी व ठिकाणी होणाऱ्या श्वासचाचण्यांची शिफारस करते, कारण त्यांचा मुख्य परिणाम पकडलेल्या चालकांपेक्षा मद्यपान करून गाडी हाती न घेणाऱ्यांवर होतो.